अठ्ठेचाळीस तासांची नोटीस

"नोटिशीत स्वयंपाकघर लिहिलंय, मालकीणबाई. ही झोपायची खोली आहे," असं म्हणून आयल्सा दारात आडवी उभी राहिली.

जेसी पेट्री हातात पाना घेऊन उंबऱ्याशीच थांबली. तोंडावर मास्क, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या. आत पाळण्यात तिचा सहा आठवड्यांचा नातू डंकन टाहो फोडत होता. आयल्सा तिची सून. जेसीने नातवाला अजून एकदाही हातात घेतलं नव्हतं.

डंडी शहरात टाळेबंदी होती. कुणी कुणाच्या घरात जायचं नाही, असा सरकारी हुकूम. आजीलाही सूट नव्हती. एकट्या राहणाऱ्या माणसाला दुसऱ्या एका घराशी जोडून घेता येत होतं, पण जेसीचा नवरा वॉल्टर हयात होता. "मी परसातल्या शेडमध्ये राहायला जातो. कागदोपत्री तू एकटी," असं तो बिचारा म्हणालाही. जेसीने फोन करून विचारलं. शेड चालत नव्हती.

घरमालकाला मात्र भाडेकरूच्या घरात जाता येत होतं. काम निकडीचं हवं आणि अठ्ठेचाळीस तास आधी लेखी नोटीस हवी. आणि हा फ्लॅट होता जेसीचा. सहा वर्षांपूर्वी तिने पोटच्या पोराकडून, स्ट्रूअनकडून, चौदा पानी भाडेकरारावर सह्या घेतल्या होत्या. "नातं नात्याच्या जागी, छप्पर छपराच्या जागी," असं तिचं म्हणणं. त्यानंतर त्या घरात तिने एक खिळाही ठोकला नव्हता. गळक्या नळाबद्दल आयल्साने अकरा पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही आलं नाही. तेव्हापासून आयल्सा सासूला मालकीणबाई म्हणू लागली.

डंकन जन्मला आणि जेसी रातोरात आदर्श घरमालकीण झाली. आधी नळ, मग बॉयलर, मग न्हाणीघरातला तुंबलेला निचरा, मग बैठकीतली शेगडी. पण सूनही कायदा कोळून प्यायली होती. ज्या खोलीचं काम, त्याच खोलीत पाऊल. दोन मीटर अंतर. खिडक्या सताड उघड्या, बाहेर जानेवारी. पाळणा झोपायच्या खोलीत, आणि नेमकं त्या खोलीत काहीच मोडत नव्हतं. आज ओट्याखालचा पाइप होता. तो झाला की घरात मोडकं काही उरत नव्हतं.

"केव्हाचा रडतोय गं?" जेसीने विचारलं.

"तीन दिवस."

"तीन तास म्हणायचंय तुला."

"मला मोजता येतं, मालकीणबाई."

"आणि स्ट्रूअन?"

"बसवर. उतारू नसले तरी बस न्यावीच लागते."

आयल्साचे डोळे सुजले होते. केसांना कंगवा लागून बरेच दिवस झाले असावेत.  ती दारातून बाजूला झाली.

जेसीने पाना खाली ठेवला, हात धुतले, आणि डंकनला उचललं. त्याने दोन हुंदके दिले, एक उचकी दिली आणि तो गप्प झाला. घर इतकं शांत झालं, की खालच्या मजल्यावरून मिस्टर मिलन यांचं फोनवरचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"हो हो, तीच. या महिन्यात पाचव्यांदा. दुरुस्ती कसली डोंबलाची! पोलिसच पाठवा."

"ठेवा त्याला खाली," आयल्सा म्हणाली.

जेसीने ठेवला. डंकनने भोकाड पसरलं. जेसीने सुनेकडे पाहिलं. सुनेने छताकडे पाहिलं. जेसीने त्याला पुन्हा उचललं.

दहा मिनिटांत कॉन्स्टेबल दारात हजर. कोवळा पोरगा, मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरलेली.

"तुम्ही इथे कोण म्हणून आलात, बाई?"

"घरमालकीण. ही घ्या नोटीस."

"यात ओट्याखालचा पाइप लिहिलाय. हातात काय आहे?"

जेसीने हाताकडे पाहिलं. पाइप म्हणण्याजोगं तिथे काही नव्हतं.

"आजी म्हणून आला असाल तर दंड होईल," कॉन्स्टेबल म्हणाला. "आणि यापुढे नोटीस असो नसो, तुमचं येणं बंद."

आयल्सा तरातरा आत गेली. ती अकरा पत्रं आता बाहेर येणार, हे जेसीने ओळखलं. तिने नातवाला थोडं घट्ट धरलं.

आयल्सा भाडेकरार घेऊन आली.

"पान नऊ," ती कॉन्स्टेबलला म्हणाली. "या घरात दोघांनीच राहायचं. तिसरं माणूस ठेवायचं तर मालकिणीची लेखी परवानगी लागते. आम्ही घेतलेली नाही."

कॉन्स्टेबलने चष्मा पुसून पान नऊ वाचलं. मग डंकनकडे पाहिलं. "म्हणजे हा...?"

"सहा आठवडे विनापरवाना राहतोय. रात्री-बेरात्री आरडाओरडा करतो. खालच्यांना विचारा. मालकीणबाई त्याचीच चौकशी करतायत."

"उचलून?"

"पळून जाऊ नये म्हणून."

कॉन्स्टेबलने वही काढली. "किती दिवस चालेल ही चौकशी?"

"जबाब घेतल्याशिवाय संपणार कशी? आणि तो अजून बोलत नाही."

कॉन्स्टेबलने तेही लिहून घेतलं. मग जेसीकडे वळून विचारलं, "साधारण कधी बोलेल, काही अंदाज?"

"कसं सांगू, साहेब?" जेसी म्हणाली. "याचा बाप चार वर्षांचा होईपर्यंत गप्प होता."