मौनी अमावस्येची गाठ

धुकं इतकं दाट होतं की संगम जवळ आलाय हे नुसतं थंडीवरून कळत होतं. आज मौनी अमावस्या. स्नान होईस्तोवर बोलायचं नाही. नाकापर्यंत पदर ओढलेल्या बायका हरवू नये म्हणून एकमेकींच्या पदरांना गाठी मारून मुकाट्यानं पाण्याकडे सरकत होत्या.

सुखराजी दूरच्या बस्ती जिल्ह्यातून एकटीच आली होती. बांबूच्या कुंपणापाशी गर्दीचा लोंढा आला, तेवढ्यात कुणीतरी तिचा पदर खेचला, आपल्या पदराशी घट्ट बांधला आणि तिच्या दंडाला धरलं. एक तरुण पोर होती. तिला वाटलं, हातून सुटलेली सासू सापडली.

चूक सुखराजीच्या तेव्हाच ध्यानात आली. पदर जरा वर केला असता तरी भागलं असतं. पण असं दंडाला धरून तिला कुणी नेलंच नव्हतं कैक वर्षांत. माणूस देवाच्या दारातही लबाडी करतो. आपलं मौन आहे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली आणि चालत राहिली.

पोरीनं तिला सांभाळून पाण्यात उतरवलं. सुखराजीनं एक बुडी मारली, मग आणखी एक, मग आणखी एक. थांबलं की बोलावं लागणार होतं.

"बस करा की अम्मा! किती पापं धुताय?" पोरीची बुडी झाली होती, ती आता बोलायला मोकळी होती. "चला, आल्याचा चहा पाजते. आणि काल मी उलटून बोलले ना, ते मनात ठेवू नका हं. चुकलंच माझं."

ही माफी काही सुखराजीची नव्हती. ती कशी ठेवून घेणार? तिनं पदर मागे सारला.

पोर दचकून मागे सरली. "तुम्ही कोण? आमच्या अम्मा कुठंयत?" गाठ सोडता सोडता ती रडायलाच लागली. "त्यांना धड दिसत नाही हो! मघाशी खुणेनं सांगता आलं नसतं?"

"आलं असतं," सुखराजी म्हणाली.

"अम्मा! अम्मा!" करत पोर धुक्यात पळाली. सुखराजी कमरेएवढ्या पाण्यात तशीच उभी राहिली. मौन सुटताना तोंडून पहिला शब्द गंगामैयाच्या नावाचा निघावा, एवढ्यासाठी ती इतक्या लांबून आली होती.