दोघीही धडधाकट

"सगळं झकास आहे, मावशी," रक्तदाबाचा पट्टा सोडत नर्स म्हणाली. "साखर नाही, दमा नाही, कसल्या गोळ्या नाहीत. पण आमचा अभ्यास जुळ्यांवर आहे. दोघीही हव्यात आणि दोघीही धडधाकट. एकटीला नाही घेता येत."

"ठाऊक आहे की. बाहेर भिंतीवर केवढ्या मोठ्या अक्षरांत लावलंय! म्हणून तर आले."

शिंपीणबाई मशीनवरून उठून तशीच आली होती. गळ्यात टेप, बाहीला दोऱ्याचे तुकडे. "तिची उंची, वजन माझंच धरा. दोघींचं माप एकच."

"असं कसं धरणार? बहिणीला घेऊन या ना."

"माझा फोन उचलत नाही ती. तुमचा उचलेल. अनोळखी नंबर दिसला की तिला राहवत नाही, चौकशा फार."

"भांडलात का?"

"ते सांगत बसले तर तुम्हाला आज घरी जायला मिळायचं नाही."

"मावशी, भांडणं मिटवायचं काम आमच्याकडे नसतं हो."

"नका मिटवू. नुसती या खुर्चीत आणून बसवा. माझ्यासारखीच पिकलीय का, एवढं बघू द्या मला. फार आठवण येते हो तिची."

नर्सने तिच्याकडे पाहिलं आणि तिने सांगितलेला नंबर फिरवला. फोन स्पीकरवर ठेवला.

"हॅलो, कोण?"

नर्स दचकली. समोर बसलेल्या बाईचाच आवाज फोनमधून येत होता.

"नमस्कार, मी हॉस्पिटलमधून बोलतेय. तुम्हाला एक जुळी बहीण आहे ना? त्यांच्याबद्दल जरा..."

पलीकडे काहीतरी खळ्ळकन पडलं.

"काय झालं तिला? अहो, बोला ना! तरी म्हणत होते, सकाळपासून डोळा का लवतोय माझा! कितव्या मजल्यावर ठेवलंय? थांबा, चपला घालतेय मी. तुम्ही बोलत राहा, फोन ठेवू नका!"

"अहो, घाबरू नका, त्या तर..."

शिंपीणबाईने झडप घालून फोनवर तळहात दाबला. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

"बरी आहे म्हणून सांगू नका हो," ती कुजबुजली. "चपला परत काढून ठेवेल ती."