बांगड्यांआडचं हाड

“रिपोर्टात हाड मोडलेलं नाही. कामाचा कंटाळा, दुसरं काय,” म्हणत सासूने तीन आठवड्यांपूर्वीचा एक्स-रे माझ्या टेबलावर टाकला. सून सुजलेलं मनगट पदराखाली धरून उभी होती.

मी फिल्म उजेडात धरली. नेमक्या सांध्यावर सहा बांगड्यांच्या सावल्या. पंचवीस वर्षं एक्स-रे काढतेय, तरी असलं काम बघितलं की डोकं फिरतं. “बांगड्या का नाही काढल्या?”

“सुजेमुळे निघेनात. फोडायला मीच नको म्हटलं. सवाष्णीचा हात आहे.”

आणि आधी एक्स-रे काढणाऱ्या शहाण्याने ते ऐकलं. वर फोटोही फक्त समोरून काढलेला.

सुनेने हात पुढे केला. रुमाल गुंडाळून मी एकेक बांगडी पकडीने फोडली, हात करंगळीच्या बाजूवर उभा ठेवून बाजूने एक्स-रे काढला. मनगटातलं एक छोटं हाड सांध्यातून निसटून कलंडलेल्या कपासारखं पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच दिवशी दिसलं असतं तर ओढून बसवलं असतं; आता ऑपरेशन.

सासू काचा गोळा करत होती. “नव्या कधी भरता येतील?”

सून पहिल्यांदाच बोलली. “आई, आधी हाताचं विचारा.”