उंदराचा वाटा

"साहेब, गाडी तापली की दिवा लागतोच की. वेगळा काटा कशाला बसवताय?" डॅशबोर्डची पट्टी उचकटत फिटरनं विचारलं.

"दिवा उशिरा लागतो," मी म्हणालो. "ताप चढायला लागला की तेव्हाच कळायला हवं."

पट्टी निघाली आणि त्याच्या तळहातावर आतून दुधाचा दात पडला. ओळखून तो खो खो हसला. मागे उंदरानं वायर कुरतडली, तेव्हा गाडी त्यानंच दुरुस्त केली होती. उंदीर इथंच राहतो, अशी थापही माझ्या लेकीला, जुईला, त्यानंच मारली होती. पुढं तिचा दात पडला तेव्हा तिनं तो बिळात टाकायला साफ नकार दिला. एसीच्या जाळीशी तोंड नेऊन म्हणाली, "उंदीरमामा, हा घे, नवा दे!" आणि दात आत ढकलला. हा किस्सा मीच त्याला सांगितला होता.

"मामानं नेलाच नाही की! पण छोटीला नवा आला असेल ना आता?"

नवा यायच्या आधीच जुई गेली. दवाखान्यात पोचेपर्यंत ताप डोक्यात गेला होता.

त्याच्या हातातला दात मी उचलला आणि परत आत ठेवला.

"काटा बसला की लावा पट्टी," मी म्हणालो. "नव्याची आता घाई नाही."