कोंडलेलं कुरण

ठकूबाईनं काठी हाणली तशी धाकट्या दिराच्या कपाळातनं रक्ताची धार लागली. गवताचं बी झडल्यावर कुरणात मेंढरं घालू, एवढंच तो म्हणाला होता. “गवत दाट होऊ दे. आत खूर पडला तर तोडीन,” म्हणत तिनं बाभळीच्या काट्यांनी कुरण कोंडलं.

तीन वर्षं आत मेंढरू गेलं नाही की विळा. जुनं गवत आडवं पडलं आणि त्याखाली पवन्या गवताचे कोंब गुदमरून मेले. दिराच्या चरल्या-कापल्या माळावर मात्र पवन्या कमरेला लागला.

शेवटी तिनंच कुऱ्हाडीनं कुंपण तोडलं. काट्यांनी हात फाटले.

“वैनी, चुकलं म्हणा की,” दीर म्हणाला.

“चुकलं तुझं. मार खाऊन गप बसलास. उलटून एक हाणली असतीस तर माझं गवत जगलं असतं. आता हाक मेंढरं.”