साडेबारा हजार किलोमीटर

"उद्या संध्याकाळपर्यंत तरी थांबायला हवं, भाऊजी. लेक टोरांटोहून यायचाय. साडेबारा हजार किलोमीटर!"

आकडा तिला पाठ होता. तिच्या नवऱ्याने, भूगोलाच्या मास्तरांनी, तो पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजला होता. भिंतीवर तिथली वेळ दाखवणारं दुसरं घड्याळही लावलं होतं. आता मास्तर त्याच घड्याळाखाली पांढऱ्या चादरीत निजले होते. सकाळी साडेआठला तिने लेकाला फोनवर "बाबा गेले रे" एवढंच सांगितलं. तो "निघालो" म्हणाला आणि फोन बंद झाला. मग दिराने साताऱ्यात चार ठिकाणी विचारून बर्फाची पेटी मागवली.

अकरा वाजता दाराशी रिक्षा थांबली. पेटीवाला आला असेल म्हणून दीर लगबगीने बाहेर गेले आणि पायरीवरच थिजले. रिक्षातून लेक उतरत होता. पायात स्लिपर, हातात बॅगसुद्धा नाही.

तिने घड्याळाकडे पाहिलं. टोरांटोत रात्रीचे साडेबारा. पंधरवड्यापूर्वीच तर फोनवर म्हणाला होता, इथे गुडघाभर बर्फ पडलाय.

आईचा चेहरा पाहिला तेव्हा कुठे त्याला आपलंच खोटं आठवलं. तो दारातच खाली बसला. "नोकरी गेली, आई. दीड वर्ष पुण्यातच आहे. बाबांना सांगायचं धाडस झालं नाही."

तिने मास्तरांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"आठ दिवस अंथरुणाला खिळले होते," ती म्हणाली. "मी रोज तुला फोन लावायला घ्यायचे. हे म्हणायचे, राहू दे, पोरगं फार लांब आहे."