शेवाळ आणि शेठ

बाबांचा उजवा हात कोपरापर्यंत टाकीत होता आणि हातात जुना टूथब्रश. दगडावरचं हिरवं शेवाळ खरवडून खरवडून मनगट भरून आलं होतं. टाकी ती केवढी, टीव्हीशेजारी मावणारी. पण मिठाच्या पाण्याची, म्हणजे नखरे राजवाड्याचे. मीठ मोजून घाला, पाणी बदला, दिवा कमी वेळ लावा. सगळं करून झालं होतं. आज घासलेलं शेवाळ दोन दिवसांत पुन्हा हजर, निर्लज्जासारखं.

टाकीतला एकुलता एक मासा, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारा शेठ, दगडामागे बसला होता. बाबा दिसले की तो अशीच दडी मारायचा.

तेवढ्यात आई हात पुसत स्वयंपाकघरातून आली. झालं! शेठ सुळकन बाहेर आला आणि तिच्यासमोर काचेला तोंड लावून शेपूट हलवायला लागला.

"आई, तुला बघून नाचतोय बघ!" सोफ्यावर लोळणारी लेक ओरडली.

बाबांच्या पोटात दुखलं. चक्क दुखलं. पाणी वाहून आणायचं त्यांनी, शेवाळ घासायचं त्यांनी, आणि लाडीगोडी हिच्याशी! घरात तरी दुसरं काय चाललं होतं म्हणा. लेकीची नखं कापायची बाबांनी, कडू औषध पाजायचं बाबांनी, गणितावरून ओरडायचं बाबांनी. आणि गळ्यात पडायचं आईच्या.

मग त्यांना एकदम शंका आली.

"तू ह्याला खायला घालतेस?"

"घालते की चिमूटभर. तोंड वासत येतो बिचारा."

"अगं, सकाळी मी घालतो ना! जास्तीचं तळाशी कुजतं, त्यावरच हे रान माजतंय. मी इथे मर मर मरतोय, आणि तू..."

"माझ्या हातचा एक कण उरत नाही हो," आई शांतपणे म्हणाली. "तुमचंच पडून राहतं. तुम्ही खाणं टाकता आणि लगेच घासायला घेता. तो बाहेर येणार कसा?"

आईने खाण्याची डबी उघडून टाकीच्या कडेला ठेवली.

"घ्या. आज तुम्हीच भरवा त्याला." आणि ती आत निघून गेली.

तिची पाठ वळताच शेठ दगडामागे पळाला. बाबांनी डाव्या हाताने चिमूट उचलली आणि पाण्यावर सोडली. दाणे तरंगत राहिले. शेठने अर्धं तोंड बाहेर काढलं, थबकला, परत आत गेला.

"ये ना रे," बाबा पुटपुटले. इतक्या मऊ आवाजात ते कित्येक दिवसांत कुणाशी बोलले नव्हते. "ये, राजा. मी काय खातो का तुला?"

लेक सोफ्यावरून उतरून कधी शेजारी येऊन उभी राहिली, त्यांना कळलंच नाही. तिने काचेतून आत बोट दाखवलं.

"बाबा, आधी तो ब्रश बाहेर काढा ना."